खेळाचें मोल

परीक्षा आटोपली कीं घरांतील मुलगा एखाद्या व्हिडिओ गेमचा हट्ट धरतो, आणि वडील माणूस किंमत ऐकून विचारतो, 'इतके पैसे देण्याजोगें त्यांत आहे तरी काय?' प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं खेळाचें मोल कोणत्या मापानें मोजावयाचें तें ठरलें पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत हें माप कितीतरी वेळां बदललें; आणि मौज अशी कीं, गिऱ्हाइकानें जें माप हातीं धरलें, तेंच माप शिगोशीग भरून देऊन आंतील माल कमी करण्याची युक्ति विकणाऱ्यानें दर वेळीं शोधून काढली. त्या युक्त्यांचा हा अल्पसा इतिहास आहे.

यंत्रें येण्यापूर्वीं खेळाचा सौदा कसा होत असे, हें प्रथम पाहूं. सावंतवाडीच्या गंजिफाचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. तो खेळतांना पाहिलेले मात्र थोडे. बाबरानें १५२७ सालीं सिंध प्रांतीं गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. हा मोगली खेळ पुढें आपल्याकडे रुजला आणि त्यानें दशावतारांचें रूप घेतलें. पानें वाटोळीं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, एकूण १२०. या खेळाचे दोन प्रकार विकत मिळत. एक दरबारी कलम, दुसरें बाजार कलम. राजेरजवाड्यांसाठीं हस्तिदंताचीं किंवा कांसवाच्या पाठीचीं पानें होत. सामान्यांसाठीं कापडाला वा कागदाला चिंचोक्याची खळ लावून, वर रंग आणि लाखेचा हात देऊन तीं तयार करीत. नियम दोन्हींकडे तेच, डाव तोच. राजास खेळतांना जो आनंद होई तोच पेठेंतील वाण्यासही होई. जास्त पैसे पडत ते चिताऱ्याच्या हातासाठीं, आणि तो हात गिऱ्हाइकास उघड्या डोळ्यांनीं दिसे. पैसे एकदां मोजावयाचे, पानें पुढच्या पिढीपर्यंत खेळावयाचीं. यांत फसवणुकीस जागा फार थोडी होती.

या खेळास मारलें तें छापील पत्त्यांच्या स्वस्ताईनें. १२० पानें ध्यानांत ठेवण्यापेक्षां बावन्न सोपीं, हेंही खरेंच. सावंतवाडीचे श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं या कलेकडे लक्ष वळविलें, तेव्हां ती जाणणारे हात जवळजवळ संपत आले होते. त्यांनीं राजवाड्यांतच कारागीर बसवून तिला पुन्हां उभारी दिली. मात्र आज गंजिफा घेणारा बहुधा तो भिंतीवर लावण्यासाठीं किंवा भेट देण्यासाठीं घेतो.

आतां यंत्राकडे वळूं. १९७२ सालीं अमेरिकेंत अटारी नांवाच्या नव्या कंपनीनें 'पाँग' नामक खेळाचें पहिलें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत ठेवलें. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याची तक्रार आली. उघडून पाहतात तों नाण्यांची पेटी इतकी भरलेली कीं नवें नाणें आंत पडण्यास वाव नाहीं! या एका पेटीनें पुढील धंद्याची दिशा ठरविली. येथें खेळ विकत मिळत नव्हता. मिळत होता एक डाव.

आमच्या सोलापुरांत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर पैसे देऊन पाळण्यांत बसण्याची चाल जुनी आहे. पण पाळणेवाला ठरलेले फेरे देतो. भित्र्यास कमी आणि धीटास अधिक, असा भेद तेथें नाहीं. नाण्याच्या यंत्रानें हा न्याय बदलला. जपानांत १९७८ सालीं निघालेला 'स्पेस इन्व्हेडर्स' पाहा. शत्रूचीं यानें जसजशीं कमी होतात तसतशी उरलेल्यांची गति वाढत जाते. एक फळी संपविली कीं दुसरी येते; शेवटचा विजय त्यांत ठेवलेलाच नाहीं. नवशिक्याचा डाव दोन मिनिटांत आटोपतो आणि हात पुन्हां खिशाकडे जातो. मुलगा डाव मोजतो आहे काय? मग डाव आंखूड करावा, इतकाच त्यांतील हिशेब. पुढें अशीं यंत्रें आपल्याकडील शहरांतही आलीं, आणि शाळेच्या वेळेंत मुलें कोठें सांपडतील हें आम्हां शिक्षकांस निराळें शोधावें लागत नसे.

घरीं खेळावयाचें यंत्र घेतलें म्हणजे हा ससेमिरा सुटेल, असें लोकांस वाटलें. तेथें वेगळाच अनुभव आला. अटारीनें १९८२ सालीं 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावरून एक खेळ सुमारें पांच आठवड्यांत उरकून नाताळच्या बाजारांत आणला. चित्रपटाच्या नांवावर लोकांनीं तो घेतला आणि घरीं गेल्यावर कपाळाला हात लावला. न खपलेला माल दुसऱ्या वर्षीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें जमिनींत पुरण्यांत आला. २०१४ सालीं तो उकरून काढला तेव्हां लोकांस त्या दंतकथेची खात्री पटली. निकस खेळांच्या अशा सुळसुळाटानें १९८३ सालीं अमेरिकेंतील हा व्यापारच कोसळला. डबा फोडल्याशिवाय आंतील खेळ कसा आहे हें कळत नाहीं, तेथें गिऱ्हाईक एकदां ठेंचाळलें म्हणजे चांगल्याचेंही घेईनासें होतें.

सोलापुरांतील मध्यम स्थितीच्या घरांत 'टीव्ही गेम' शिरला तो १९९० नंतरच्या दशकांत. निन्टेन्डो कंपनीनें जपानांत १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्राची ती नक्कल असे. दूरदर्शन संचाला जोडावयाचें, वर कॅसेट खोंचावयाची. या कॅसेटींवर मोठमोठे आंकडे छापलेले असत: '९९,९९९ इन वन', कांहींवर तर '९,९९,९९९ इन वन'! गिऱ्हाईक आतां खेळांची संख्या मोजूं लागलें होतें, म्हणून त्यास संख्या देण्यांत आली. प्रत्यक्षांत आंत मोजके खेळ. तेच निरनिराळ्या क्रमांकांखालीं पुन्हां पुन्हां येत. आमच्याकडे जाड गाईड पाहून पुस्तकाची योग्यता ठरविणारे पालक कमी नव्हते. तेच पालक ही कॅसेट घेऊन स्वस्तांत सौदा साधल्याच्या समाधानांत घरीं येत. पोरें अधिक शहाणीं होतीं. मधल्या सुटींत त्यांची अदलाबदल चाले, आणि 'काँट्रा' किंवा 'मारिओ' याची एकच कॅसेट दुसऱ्या दोन कॅसेटी ठेवून घेतल्याविना कोणी उसनी देत नसे. या विषयांतील सर्वांत प्रामाणिक बाजारभाव मीं तेथेंच पाहिला.

यानंतरचें माप तासांचें. २०२० सालीं अमेरिकेंत मोठ्या खेळांची किंमत ६० डॉलरांवरून ७० डॉलरांवर जाऊं लागली. सोनीचें 'प्लेस्टेशन ५' भारतांत २०२१ च्या फेब्रुवारींत ४९,९९० रुपयांस आलें आणि त्यावरील कांहीं नवे खेळ ४,९९९ रुपयांस. एवढे पैसे मोजणारा साहजिकच विचारतो, 'किती तास पुरेल?' रुपयास किती मिनिटें पडलीं याचा हिशेब तरुण मंडळी मोठ्या चोखपणें करतात. व्यापाऱ्यानें तेंही ओळखलें. खेळ शंभर-शंभर तासांचे होऊं लागले. त्यांतील कितीएक तास पाणी घातलेल्या ताकासारखे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या २०१८ सालच्या खेळांत तर मजल अशी गेली कीं, खेळाची पूर्ण किंमत घेतल्यावर, खेळाडूची प्रगति लवकर व्हावी म्हणून आणखी सुमारें दहा डॉलर घेण्याची सोय ठेवली होती. अगोदर लांबी विकावयाची, मग ती कमी करण्याचे पैसे घ्यावयाचे! आपल्याकडे संगीत नाटकें एके काळीं रात्रभर चालत. पण दोन अंकांच्या चांगल्या नाटकापेक्षां पांच अंकांचें रटाळ नाटक मोलाचें, असें कोणी रसिक म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि शेवटीं आला फुकटचा खेळ. याचें बीज २००६ सालीं पडलें. 'ऑब्लिव्हियन' नामक खेळांतील घोड्यास घालावयाचें चिलखत अडीच डॉलरांस वेगळें विकण्यांत आलें, तेव्हां जगभर त्याची थट्टा झाली. थट्टा विरली, चिलखत राहिलें. २०१२ सालच्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' मध्यें गढी बांधावयास पैसा लागत नाहीं. पण एकेक इमारत पुरी होण्यास पुढें पुढें दिवसच्या दिवस थांबावें लागतें, आणि तें थांबणें टाळावयाचें असेल तर पैसे. कांहीं खेळांत बंद पेटी विकत घ्यावयाची, आंत काय निघेल तें नशिबावर. बेल्जम सरकारनें २०१८ सालीं अशा पेट्या जुगारांत मोडतात असा निर्णय दिला. आपल्या संसदेनें २०२५ सालीं पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घोड्याच्या चिलखताला मात्र तो लागू नाहीं, आणि गृहस्थाचा खिसा बहुधा तेथेंच गळतो. किंमत शून्य पाहून ज्या वडिलांनीं खेळ घेऊं दिला, त्यांस महिनाअखेर बँकेच्या संदेशांतून किंमत कळते. माझ्या मतें आजवरच्या सर्व सौद्यांत हा सर्वांत महाग. कारण यांत माल आणि मोल दोन्ही गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड आहेत.

या पार्श्वभूमीवर पुण्यांतील एका खेळाची हकीकत सांगतों. नोडिंग हेड्स गेम्स या तेथील लहानशा मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ रचला. राजी ही डोंबाऱ्याप्रमाणें कसरत करणारी मुलगी. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास, गोलूस, ती शोधीत जाते, आणि दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हातीं येतो. मधली कथा छायाबाहुल्यांच्या रूपानें दाखविली आहे. महाल आणि चौक राजस्थानी वळणाचे आहेत. २०१७ सालीं त्यांनीं लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागून पाहिली, पण ठरलेली रक्कम जमली नाहीं. तरी काम चालूं ठेवून २०२० च्या ऑगस्टमध्यें खेळ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स' मध्यें उत्कृष्ट प्रथम खेळाच्या नामांकनांत त्याची गणना झाली. चित्रांची सर्वत्र वाहवा झाली. मात्र हा खेळ पांच-सहा तासांत संपतो, आणि पुष्कळांनीं बोट ठेवलें तें नेमकें तेथेंच. लढाईंत तोचतोपणा आहे, हा आक्षेप मला समजतो. पण खेळ लवकर संपतो म्हणून पैसे वसूल झाले नाहींत, हें म्हणणें म्हणजे दरबारी कलमाचा गंजिफा पानें मोजून घेण्यासारखें झालें. त्यांत पेटी नाहीं, चिलखत नाहीं. एकदां किंमत द्यावयाची, आणि चिताऱ्याचा हात समोर दिसतो.

गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीं एक चांगली गोष्ट झाली आहे. संगणकावरील खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या दुकानानें २०१५ पासून असा नियम ठेवला आहे कीं, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत, आणि खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल तर, मागितल्यास पैसे परत मिळतात. 'ई. टी.' घेऊन पस्तावलेल्यांस ही सोय असती तर! 'राजी' सारख्यास या नियमाचें भय नाहीं. परंतु दीड तासांतच ज्याची कथा पुरी होते, असा खेळ रचणाऱ्यानें काय करावें? घेणारा तो शेवटपर्यंत खेळून, संतोष पावून, पैसे परत मागूं शकतो. २०२१ सालीं अशाच एका छोट्या खेळाच्या कर्त्यानें, या कारणास्तव आपण नवे खेळ करणें अनिश्चित काळासाठीं थांबवीत आहों, असें जाहीर केलें होतें.