वीक रेफरन्स

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचवणारा, पण त्याला मेमरीत धरून न ठेवणारा संदर्भ. नेहमीच्या संदर्भाला स्ट्राँग रेफरन्स म्हणतात. तो आहे तोवर ऑब्जेक्ट नष्ट होत नाही. वीक रेफरन्स किती आहेत याचा ऑब्जेक्टच्या आयुष्याशी संबंध नसतो. ऑब्जेक्ट गेले की असा संदर्भ रिकामा होतो आणि विचारणाऱ्याला तसे कळवतो. डँगलिंग पॉइंटर टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे.

डँगलिंग पॉइंटर : ज्या ऑब्जेक्टची मेमरी परत केली गेली आहे, त्याचाच जुना पत्ता बाळगून असलेला पॉइंटर. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत पॉइंटर हा निव्वळ पत्ता असतो. त्या पत्त्यावर आता काय आहे हे त्याला ठाऊक नसते. मोकळी झालेली जागा पुढे दुसऱ्याच माहितीला दिली जाते आणि जुन्या पॉइंटरमधून वाचलेली किंमत वरवर बरोबर दिसू शकते. प्रोग्रॅम कधी लगेच बंद पडतो, कधी चुकीचे उत्तर देऊन चालू राहतो. त्यामुळे हा दोष चाचणीत हाती लागणे कठीण असते. सुरक्षेच्या दृष्टीनेही तो गंभीर आहे. क्रोम ब्राउझरच्या चमूने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यातील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या असुरक्षित हाताळणीतून आले होते आणि त्यांतले जवळपास निम्मे मोकळ्या केलेल्या मेमरीच्या वापराचे होते.

मोजणी आणि चक्र : ऑब्जेक्ट केव्हा नष्ट करायचे हे ठरवण्याची एक जुनी पद्धत म्हणजे रेफरन्स काउंटिंग. जॉर्ज कॉलिन्स यांनी ती १९६० मध्ये मांडली. प्रत्येक ऑब्जेक्टकडे येणारे स्ट्राँग रेफरन्स मोजले जातात आणि मोजणी शून्यावर आली की ऑब्जेक्ट नष्ट होते. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसली, तर मात्र मोजणी शून्यावर येत नाही आणि मेमरी अडकून पडते.

उदाहरणासाठी जिल्ह्याच्या कापूस खरेदीची माहिती ठेवणारा एखादा प्रोग्रॅम घेऊ. यवतमाळ जिल्ह्याचे एक ऑब्जेक्ट आणि त्याच्या १६ तालुक्यांची १६ ऑब्जेक्ट. जिल्ह्याला सर्व तालुक्यांची यादी हवी आणि केळापूर, घाटंजी, झरी जामणी अशा प्रत्येक तालुक्याला आपला जिल्हा कोणता हे ठाऊक हवे. दोन्ही दिशांना स्ट्राँग रेफरन्स ठेवले, तर जिल्ह्याची मोजणी १७ होते : तालुक्यांचे १६ आणि मुख्य प्रोग्रॅमचा १. मुख्य प्रोग्रॅमने आपला संदर्भ सोडला तरी १६ उरतात. जिल्हा जात नाही, म्हणून तालुकेही जात नाहीत आणि १७ ऑब्जेक्ट कोणाच्याही उपयोगाची नसताना मेमरीत राहतात.

यावर उपाय म्हणून तालुक्याकडून जिल्ह्याकडे साधा पॉइंटर ठेवला, तर चक्र तुटते, पण दुसरी अडचण उभी राहते. समजा, अहवाल तयार करणाऱ्या भागाने घाटंजी तालुक्याचे ऑब्जेक्ट धरून ठेवले आहे. मुख्य प्रोग्रॅमने जिल्हा सोडला की जिल्हा नष्ट होतो आणि उरलेले १५ तालुकेही जातात. घाटंजी तेवढे राहते. अहवालाने घाटंजीला जिल्ह्याचे नाव विचारले की तो पॉइंटर मोकळ्या झालेल्या जागेत शिरतो. त्याच जागी वीक रेफरन्स असेल, तर जिल्हा पूर्वीप्रमाणेच वेळेवर नष्ट होतो आणि घाटंजीला ‘जिल्हा आता नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळते. अहवालात त्या रकान्यात काय छापायचे, हे प्रोग्रॅमरला शांतपणे ठरवता येते.

यंत्रणा : सी प्लस प्लस ११ या २०११ च्या प्रमाणात शेअर्ड पॉइंटर आणि वीक पॉइंटर यांचा समावेश झाला, त्याआधी बूस्ट ग्रंथालयात ते वापरात होते. ऑब्जेक्टसोबत एक नियंत्रण-नोंद असते. तीत स्ट्राँग आणि वीक अशा दोन मोजण्या असतात. स्ट्राँग मोजणी शून्य झाली की ऑब्जेक्ट नष्ट होते, पण वीक पॉइंटर शिल्लक असेपर्यंत नियंत्रण-नोंद टिकते. ऑब्जेक्ट आहे की गेले, हे वीक पॉइंटरला समजते ते या नोंदीवरून. त्यातून थेट ऑब्जेक्ट वापरता येत नाही. आधी ‘लॉक’ ही क्रिया करून शेअर्ड पॉइंटर मिळवावा लागतो. ऑब्जेक्ट नसेल तर तो रिकामा मिळतो. असेल तर काम संपेपर्यंत ऑब्जेक्ट टिकण्याची हमी मिळते.

ॲपलने २०११ मध्ये ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत स्वयंचलित मोजणी आणली. तीत ऑब्जेक्ट नष्ट होताना त्याच्याकडे येणारे सर्व वीक रेफरन्स आपोआप ‘निल’ म्हणजे रिकामे केले जातात. २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्ट भाषेत वीक रेफरन्स नेहमी ‘असेल किंवा नसेल’ अशा प्रकारचाच असावा लागतो, त्यामुळे तपासणी विसरल्यास कंपायलर अडवतो. तिथल्या ‘अनओन्ड’ संदर्भातून गेलेले ऑब्जेक्ट वापरले, तर प्रोग्रॅम जागीच थांबतो. रस्ट भाषेत ‘अपग्रेड’ ही क्रिया लॉकचेच काम करते.

जावा, पायथन आणि जावास्क्रिप्ट : जावात निरुपयोगी ऑब्जेक्ट शोधून काढून टाकणारा गार्बेज कलेक्टर पोहोचता येण्याजोगे ऑब्जेक्ट कधीच काढत नाही, म्हणून डँगलिंग पॉइंटरचा प्रश्नच येत नाही. तिथे १९९८ च्या जेडीके १.२ पासून असलेला वीक रेफरन्स मेमरी अडकू नये यासाठी असतो : तात्पुरता साठा, ऑब्जेक्टला जोडलेली जादा माहिती, घटनांची वाट पाहणारे श्रोते इत्यादींसाठी. पायथनमध्ये २.१ या २००१ मधील आवृत्तीपासून ‘वीकरेफ’ मॉड्यूल आहे. जावास्क्रिप्टमध्ये वीकमॅप २०१५ च्या आणि वीकरेफ २०२१ च्या प्रमाणात आले.

श्रोते आणि उशिरा येणारी उत्तरे : वीक रेफरन्सची गरज सर्वांत जास्त भासते ती पडद्यावरील खिडक्या आणि नेटवर्कवरील विनंत्या यांच्या संधीवर. वापरणाऱ्याने वणी बाजाराचे कापसाचे भाव मागितले आणि उत्तर येण्याआधीच खिडकी बंद केली, असे समजा. उत्तर आल्यावर चालणाऱ्या क्रियेकडे खिडकीचा साधा पॉइंटर असेल, तर ती मेलेल्या खिडकीवर लिहू लागते. स्ट्राँग रेफरन्स असेल, तर बंद केलेली खिडकी उत्तर येईपर्यंत मेमरीत ताटकळते. वीक रेफरन्स असेल, तर क्रिया आधी खिडकी आहे का ते पाहते आणि नसेल तर उत्तर सोडून देते. क्यूटी या ग्रंथालयातील क्यूपॉइंटर याच कामासाठी आहे.

मर्यादा : ‘ऑब्जेक्ट आहे का’ असे विचारणे आणि मग वापरणे या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या, तर बहुसूत्री (मल्टिथ्रेडेड) प्रोग्रॅममध्ये मधल्या क्षणात दुसरे सूत्र (थ्रेड) ऑब्जेक्ट नष्ट करू शकते. म्हणून विचारणे आणि धरणे एकाच क्रियेत व्हावे लागते. लॉक करून मिळालेल्यातून पुन्हा साधा पॉइंटर काढून साठवला, तर मूळ दोष परत येतो. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये ‘निल’ला पाठवलेला संदेश निमूट गिळला जातो, प्रोग्रॅम पडत नाही, पण काम झाले नाही हेही कळत नाही. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट आणि नियंत्रण-नोंद एकत्रच मेमरीत घेतली असतील, तर शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत ती सगळी जागा अडून राहते. शिवाय मोजणी आणि तपासणी यांचा वेळेतही खर्च असतो.

निवड : संदर्भ वीक असावा की स्ट्राँग, हे मालकी कोणाची यावरून ठरते. जो ऑब्जेक्ट निर्माण करतो किंवा ज्याला ते टिकून हवे, त्याच्याकडे स्ट्राँग रेफरन्स. घटकाकडून समूहाकडे, श्रोत्याकडे किंवा साठ्यातील नोंदीकडे जाणारा संदर्भ वीक. सगळेच संदर्भ वीक केले, तर ऑब्जेक्ट निर्माण होताच नष्ट होते. ऑब्जेक्टचे आयुष्य एखाद्या फंक्शनपुरतेच असेल किंवा मालक नेहमीच जास्त काळ जगणार हे निश्चित असेल, तर वीक रेफरन्सची गरज नसते.