खारी विहीर आणि सक्तीचा पेपर

परवा बी.ए.ला असलेली नात म्हणाली, "आबा, पर्यावरणाचा पेपर तुम्हाले होता का?"

नव्हता. आम्ही अमरावतीत शिकलो, पण पदवी नागपूर विद्यापीठाची. इथलं विद्यापीठ १ मे १९८३चं. आणि हा विषय कुणा कुलगुरूला सुचलेला नाही. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ला आदेश दिला. सगळ्या शाखांच्या पदवीला सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम यायला २००४ उजाडलं. इतक्या वर्षांत आमच्याकडे दहा विहिरी खणून होतात!

नातीचं पुस्तक चाळलं. १९७२ची स्टॉकहोम परिषद आहे, पूर्णाकाठचा खारपाणपट्टा नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट. शेताला दिलं तर त्यातल्या सोडियमनं काळी जमीन घट्ट होते. म्हणून जुनी माणसं पावसाच्या ओलीवरच कापूस, तूर, हरभरा घेत.

मी अकोल्याकडे याच पट्ट्यात शिकवलं. शाळेतली विहीर खारी, पोरं घरून पाणी आणायची. 'पाणी हेच जीवन' हा निबंध मी दरवर्षी लिहून घेतला. आपली विहीर खारी का, हे एकदाही विचारलं नाही.

नातीला प्रकल्पासाठी तीच विहीर सुचवली आहे. रविवारी दोघं जाणार आहोत.