ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरील कॉन्ट्रास्ट नियंत्रण

ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरील कॉन्ट्रास्ट नियंत्रण म्हणजे गणकयंत्राच्या द्रव-स्फटिक पडद्यावरील अक्षरांचा व आलेखांचा गडदपणा कमी-अधिक करण्याची सोय होय. ही सोय कळांद्वारे वापरता येते, तशीच प्रोग्रॅमद्वारेही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे १९९९ सालचे टीआय-८३ प्लस हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

कळांद्वारे नियंत्रण

या यंत्राचा पडदा ९६ × ६४ बिंदूंचा असून त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. द्रव-स्फटिकाला मिळणारा विद्युतदाब वाढला की बिंदू गडद दिसतात. ‘सेकंड’ कळ दाबून वरचा बाण दाबल्यास पडदा गडद, तर खालचा बाण दाबल्यास फिकट होतो. या वेळी कोपऱ्यात ० ते ९ यांपैकी एक अंक दिसतो. प्रत्यक्षात ४० पातळ्या असून प्रत्येक अंक ४ पातळ्या दर्शवतो. बॅटरी उतरू लागली की पडदा फिकट होतो. ८ किंवा ९ वर ठेवूनच तो वाचता येत असेल, तर बॅटरी लवकरच बदलावी लागते.

प्रोग्रॅमद्वारे नियंत्रण

यंत्राच्या अंगभूत बेसिक भाषेत कॉन्ट्रास्टसाठी आज्ञा नाही. त्यासाठी झेड८० प्रक्रियकाची असेंब्ली भाषा वापरावी लागते. कार्यप्रणाली चालू पातळी ० ते ३९ या संख्येच्या रूपात स्मृतीत ठेवते. तीत २४ मिळवून येणाऱ्या संख्येचे वरचे दोन बिट १ केले जातात, म्हणजेच आणखी १९२ मिळवले जातात. अशी तयार झालेली २१६ ते २५५ मधील आज्ञा १६ क्रमांकाच्या पोर्टमार्गे पडद्याच्या चालकाकडे जाते. हा चालक १९२ ते २५५ अशा ६४ आज्ञा स्वीकारतो. त्यामुळे कळांनी शक्य नसलेला फिकटपणाही प्रोग्रॅमद्वारे साधता येतो आणि चित्र हळूहळू विरून जाण्याचा परिणाम दाखवता येतो. चालक प्रक्रियकापेक्षा संथ असल्याने दोन आज्ञांमध्ये थोडा विराम आवश्यक असतो.

मूळ पातळी पूर्ववत करणे

स्मृतीतील संख्या आणि चालकातील पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ संख्या बदलल्यास पडदा लगेच बदलत नाही. केवळ पोर्टला आज्ञा दिल्यास कार्यप्रणालीला त्या बदलाची नोंद नसते. पडदा अतिफिकट करून प्रोग्रॅम संपल्यास चालू असलेले यंत्र बंद पडल्यासारखे भासते. म्हणून प्रोग्रॅम संपण्यापूर्वी स्मृतीतील संख्येवरून मूळ आज्ञा पुन्हा पाठवणे इष्ट ठरते. तसे झाले नसल्यास ‘सेकंड’ व बाणाच्या कळांनी पातळी पुन्हा लावता येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल वापरण्यास परवानगी असते, कॅल्क्युलेटरला नसते. त्यामुळे ही यंत्रे राज्यात मुख्यतः आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटसारख्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांकडे आढळतात. टीआय-८४ प्लस सीई या रंगीत पडद्याच्या नव्या यंत्रात याच कळा मागील प्रकाशाची तीव्रता बदलतात.