उचल : बीडचा कोयता आणि कारखान्याची वही

आजचा विषय ऐकायला जड आहे. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत त्याला 'आधुनिक गुलामगिरी' म्हणतात आणि 'आमच्या पुरवठा साखळीत ती होऊ नये म्हणून आम्ही दक्ष आहोत' असं एक पान त्यावर लिहिलेलं असतं. बीड जिल्ह्यात या विषयाकडे जाणारा शब्द अगदी साधा, रोजच्या बोलण्यातला आहे. तो शब्द म्हणजे उचल. आज आपण या एका शब्दाचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहिल्याशिवाय ते अहवालातलं पान खरं की खोटं, हे आपल्याला ठरवता येणार नाही.

आधी उचल म्हणजे काय ते पाहू. ऊसतोडीला माणूस एकटा मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. पेरणी, दवाखाना, मुलीचं लग्न, सगळे खर्च त्याच वेळी उभे राहतात. तेव्हा मुकादम येतो आणि हंगामाची आगाऊ रक्कम हातात ठेवतो. ही उचल. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई या तालुक्यांतून टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. तिथे खोपी घालून राहायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, वाहनात भरायच्या आणि उचल फेडायची. सुट्टी घेतली की खाडा, आणि खाड्याला दंड.

आता थोडं गणित करू. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बैठकीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनाला साधारण 273 रुपये होते, ते 366 झाले. मुकादमाचं कमिशन 19 टक्क्यांवरून 20 टक्के झालं. समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. तेवढी फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दीड ते दोन टन धरले, तर कामाचे 137 ते 182 दिवस झाले. पुष्कळ हंगाम तेवढे चालतच नाहीत. फडावरच्या किराण्याचा खर्च, आजारपणं, खाडे या हिशोबात अजून धरलेलेच नाहीत. मग बाकी राहते, ती पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं हे आधीच ठरून जातं. माणसाला कोणी साखळदंडाने बांधलेलं नसतं. त्याला बाकी बांधून ठेवते.

ही युक्ती नवी नाही. 1843 च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही. पण पुढे सोळा वर्षांनी, 1859 मध्ये, तेरावा कायदा आला. कारागीर किंवा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम सोडलं, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट म्हणणार, पैसे परत कर किंवा कामावर जा. नाही गेलास तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथल्या व्यापाऱ्यांच्या सोयीचा हा कायदा पुढे इतरत्रही लागू झाला. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर तुरुंग. 1925 मध्ये तो रद्द करण्याचा कायदा झाला. म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणं हा गुन्हा मानण्याची सवय या देशाला साठ-पासष्ट वर्षं कायद्यानेच लावली.

बीड तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पण तिथेही कर्जाच्या मोबदल्यात राबण्याची पद्धत होती, तेलंगणात तिला 'भगेला' म्हणत. निजाम सरकारला अशा करारांवर स्वातंत्र्यापूर्वीच कायदा करावा लागला होता. मराठवाड्यात सालगडी होता. पाडव्याला ठरायचा, आगाऊ काही घ्यायचा आणि वर्षभर बांधला जायचा. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान संपलं, पण सालगड्याची चाल चालू राहिली.

दुसरीकडे नगर-पुण्याच्या बाजूला कालवे आले. नीरा डावा कालवा 1885 चा, भंडारदऱ्याचं धरण 1926 चं. पाण्यामागून ऊस आला. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग एकामागून एक कारखाने निघाले. शेतकऱ्याला मालक करणारी ही मोठीच गोष्ट होती, ती नाकारायचं कारण नाही. पण ऊस तोडणारा त्या सहकारात सभासद नव्हता. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि त्यात 1972 चा दुष्काळ यांनी बीडचा माणूस मोठ्या संख्येने कोयता घेऊन बाहेर काढला. पाणी गेलं एकीकडे, माणसं त्या पाण्यामागे गेली.

मग कायद्याने काय केलं? पुष्कळ केलं. राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारी आणि सक्तीच्या श्रमाला मनाई केली. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर अशा कर्जाची फेड करण्याचं दायित्वच संपवलं. त्या कायद्याच्या व्याख्येत देशभरच्या पद्धतींची तीसेक नावं आहेत. भगेला आहे, जीथा आहे, सागरी आहे. 'उचल' मात्र नाही. अर्थात ती यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे नाव नाही म्हणून सुटका नाही. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हाही सक्तीचा श्रम आहे. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये, हरियाणातल्या दगडखाणींच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवती यांनी आणखी एक पाऊल टाकलं. मजुराकडून सक्तीने काम घेतलं जातंय हे दिसलं, की ते आगाऊ रकमेपोटीच आहे असं न्यायालय गृहीत धरेल. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं.

इतकं असूनही उचल टिकली. ती का टिकली, हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. कारखान्याच्या वहीत तोडणी कामगाराचं नाव नसतं, म्हणून ती टिकली. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो. वाहनमालक मुकादमाशी बोलतो, मुकादम जोडीशी. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर कागद बदलतो आणि शेवटच्या पायरीवर तो मुकादमाच्या खिशातल्या वहीत उरतो. त्या वहीत बहुधा एकट्या नवऱ्याचं नाव असतं. बायको अर्धं काम करते, स्वयंपाक-पाणी वेगळंच, पण हिशोबात ती नसते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात 'मूळ मालक' ही कल्पना होती, 1979 च्या कायद्यात परराज्यात जाणाऱ्यांची नोंद होती. पण बीडहून सांगलीला जाणारा परराज्यात जात नाही, आणि मूळ मालक कोण असं विचारलं की प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो.

मुकादमालाही सरसकट खलनायक करू नका. तोही वाहनमालकाच्या किंवा कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर त्याचंही घर बुडतं. मग तो पोलिसांत फसवणुकीची तक्रार देतो. जरा आठवा, 1859 मध्ये मालक मॅजिस्ट्रेटकडे जात होता. रस्ता फार बदललेला नाही.

संघटनांनी लढे दिले. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली संप झाले, पवार-मुंडे लवादाने दर ठरवून दिले. त्या लढ्यांमुळेच टनाचा दर वाढत गेला. पण वाटाघाटी दर आणि कमिशनवर झाल्या. वही कोणी लिहायची, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याची किंमत कुठे मोजली गेली ते 2019 मध्ये दिसलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती नेमली गेली. 82 हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजार 861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींत एक. देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. कारणं अनेक आहेत, त्यांत खाजगी दवाखान्यांचा भागही आहे. पण पाळीच्या त्रासाने दिवस बुडाला की खाडा पडतो, हे त्या बायका स्वतः सांगत होत्या. तो खाडा त्याच वहीत लिहिला जातो.

आता बाहेरचं जग पाहू. ब्रिटनने 2015 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपनीने दर वर्षी निवेदन काढायचं. गंमत म्हणजे, 'आम्ही यंदा काहीही पावलं उचलली नाहीत' असं लिहिलं तरी त्या कलमाची पूर्तता होते! मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टच्या पत्रकारांनी जगप्रसिद्ध शीतपेयांच्या साखरेचा माग काढत महाराष्ट्रातला फड गाठला. त्याच्या वर्षभर आधी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली होती. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे आता कोणालाच म्हणता येणार नाही.

मग कंपनीने, कारखान्याने करायचं काय? आमच्या मते सुरुवात प्रमाणपत्रापासून करू नये, वहीपासून करावी. पहिली गोष्ट, प्रत्येक कामगाराची नोंद कारखान्याच्या दप्तरात, नवरा-बायकोची वेगवेगळी. दुसरी, उचल कारखान्याने थेट खात्यावर द्यावी, बिनव्याजी, पावतीसह, आणि हंगामात फिटेल एवढीच. तिसरी, वजनाची पावती रोज कामगाराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा मराठीत. चौथी, खाड्याचा दंड बंद. पाचवी, हंगाम संपताच हिशोब पुरा, बाकी पुढे ओढायची नाही. आणि साखर विकत घेणाऱ्या कंपनीने गोदाम आणि यंत्रं पाहून परत न जाता फडावर यावं, मुकादम समोर नसताना बायकांशी बोलावं. यात जो खर्च वाढेल तो खरेदीच्या दरात धरावा. नुसत्या अटी घालून दर तोच ठेवला, तर ओझं परत कोयत्यावरच येतं.

कोणी विचारेल, उचलच बंद करून टाकली तर? ती चूक होईल. पावसाळ्यातली गरज खरी आहे. उचल बंद झाली तर तेच कुटुंब सावकाराच्या दारात उभं राहील, तेही चढ्या व्याजाने. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कामगार कल्याण महामंडळ आहे, ओळखपत्रांचं काम आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. ही कामं नेटाने झाली तर उचलीची गरज कमी होईल. पण तोवर ती उघड्यावर, दोघांना दिसेल अशा कागदावर असली पाहिजे.

दीडशे वर्षांत कायदा पुष्कळ बदलला. वही मात्र एकाच्याच हातात राहिली. पुढच्या वेळी एखाद्या कंपनीचं ते निवेदन तुमच्या वाचनात आलं, तर एवढंच शोधा : केजच्या त्या बाईचं नाव त्यांच्या कुठल्या दप्तरात आहे, आणि तिची बाकी किती हे तिला कोणी दाखवलं आहे का? त्याचं उत्तर नसेल, तर ते पान कोरं समजा.