नायलॉन खाणाऱ्या एन्झाइमचं कूळ

बडोद्याच्या उत्तरेला, छाणी-बाजव्याकडे, फर्टिलायझरनगर आहे. तिथला जीएसएफसी हा कारखाना म्हटलं की लोकांना खताचं पोतं आठवतं; पण सत्तरच्या दशकापासून तिथे कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नायलॉन-6 चा कच्चा मालही तयार होतो. इकडे गोरव्याला अलेम्बिक ही औषधांची कंपनी. साठच्या दशकात तिथे पेनिसिलिन बनू लागलं. एका गावातल्या या दोन मालांचं नातं एका जपानी जिवाणूच्या पोटात जुळतं, हे वाचल्यापासून मी त्याच्या मागे लागलो आहे.

नायलॉनचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. 1935 मध्ये अमेरिकेत कॅरोदर्सने नायलॉन काढलं, 1938 मध्ये जर्मनीत श्लाकने कॅप्रोलॅक्टमपासून नायलॉन-6. या कामात काही अर्धवट जुळलेले तुकडे सांडपाण्यात जातात. त्यांच्यावरच जगणारा, पूर्वी फ्लॅवोबॅक्टेरियम म्हटला जाणारा केआय72 हा जिवाणू 1975 मध्ये किनोशिता आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. दोन घटकांचा सरळ तुकडा तोडणारं त्याचं एन्झाइम म्हणजे नायल-बी. पण जे अन्न काही दशकांपूर्वी पृथ्वीवर नव्हतं, ते पचवायची अक्कल याला आली कुठून?

1984 मध्ये सुसुमु ओहनो यांनी धाडसी उत्तर दिलं. जुन्या जनुकात एकच अक्षर घुसलं, तीन-तीन अक्षरं वाचायची चौकट सरकली आणि पूर्वी कधीच नसलेलं प्रथिन जन्मलं. गंमत अशी, की जुन्या जनुकाची दुसरी प्रत निघते आणि तिच्यातून नवं जनुक घडतं, हे 1970 मध्ये ठासून सांगणारे ओहनो हेच. त्यांची ही नवी कथा इतकी देखणी, की अजून सांगितली जाते.

मला ती पटत नाही. त्याच जिवाणूत नायल-बीचा एक जुळा भाऊ आहे. 392 अमिनो आम्लांपैकी फक्त 46 वेगळी, आणि नायलॉनचे तुकडे तोडण्याची ताकद सुमारे दोनशेवा भाग. त्यातली नेमकी दोन अमिनो आम्लं बदलली की तो थोरल्याच्या तोडीला येतो. पुढे 2005 मध्ये नेगोरो आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी या एन्झाइमची घडण पाहिली, तर ती पेनिसिलिन फोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेजच्या घराण्यातली निघाली! चौकट सरकून अपघाताने झालेल्या प्रथिनाला नेमका इतक्या जुन्या घराण्याचा चेहरा कसा मिळेल?

इथे एक मोह होतो. पेनिसिलिनमध्ये लॅक्टमचं चार अणूंचं कडं, कॅप्रोलॅक्टममध्ये सात अणूंचं. मग एक कडं फोडणारा दुसरं फोडायला शिकला असेल, असं म्हणावं का? नाही म्हणता येत. नायल-बी कडं फोडतच नाही, सरळ तुकडा कापतं. कड्यासारखा तुकडा फोडणारं नायल-ए वेगळ्याच घराण्यातलं. नायल-बीला एस्टर तोडायची सवय मात्र अजून आहे. म्हणून पूर्वज एखादं साधं एस्टर तोडणारं एन्झाइम असावं, हे नेगोरोंचं म्हणणं मी मान्य करतो.

नवं अन्न पचवायला शिकण्याची ही क्रिया प्रयोगशाळेतही घडवता आली. 1995 मध्ये नेगोरो, उराबे आदींनी असली कसलीही क्षमता नसलेल्या स्युडोमोनास एरुजिनोसाला फक्त तो सरळ तुकडा खायला ठेवला. कार्बनही त्यातूनच, नायट्रोजनही त्यातूनच. तगलेल्या वाणांत दोन नव्या क्रिया दिसल्या: सरळ तुकडा तोडण्याची आणि, न मागता, कड्याच्या तुकड्याचीही.

1998 मध्ये पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या कुलकर्णी आणि कानेकर यांनी नायलॉन-6 च्या सांडपाण्यातलं कॅप्रोलॅक्टम खाणारा जिवाणू नोंदवला, तोही स्युडोमोनास एरुजिनोसाच. 2002 मध्ये बडोद्याच्या बक्षी आणि शाह यांनी त्याच कामासाठी अल्कॅलिजिनिस फिकॅलिस पुढे आणला. जपान्यांनी काचेच्या चंबूत मांडलेला प्रयोग कारखान्यांच्या गाळात कुणी न मांडता वर्षानुवर्षं चालत असणार, असा माझा कयास आहे.

ओहनोंचा लेख जरूर वाचावा, कल्पनेची झेप म्हणून. नायल-बीचं कूळ मात्र 2005 च्या त्या घडणीतच सापडतं.