नळाच्या पाण्यातील क्लोरीन : काही गैरसमज

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात दोन तक्रारी हमखास येतात. एक जुलाब-उलट्यांची, दुसरी 'नळाला पावडरचा वास येतो' ही. वासामुळे नळाचे पाणी सोडून शेजारच्या बोअरचे 'गोड' पाणी प्यायला लागलेली काही मंडळी थोड्या दिवसांनी पहिली तक्रार घेऊन परत येतात.

क्लोरीनचे काम पाणी शुद्धीकरण केंद्रात संपत नाही. तेथून घरापर्यंत पाणी कित्येक किलोमीटर नळातून येते. नळ गटाराजवळून जातात, कुठेतरी गळती असते. पाणी बंद झाले की नळातला दाब कमी होतो आणि गळतीच्या जागेतून घाण आत ओढली जाते. म्हणून पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर शिल्लक क्लोरीन हवा. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. काही जणांच्या नाकाला ०.३ मिलिग्रॅमलाच वास येतो. म्हणजे वास आला याचा अर्थ धोका झाला असा नाही. पटकी, विषमज्वर, अ आणि ई प्रकारची कावीळ पसरवणारे जंतू या क्लोरीनमुळे मरतात किंवा निकामी होतात. नळाला नेहमी येणारा वास अचानक नाहीसा झाला, तर खरी चौकशी तेव्हा करायला हवी.

'पाणी पांढरे आले, पावडर जास्त झाली' हे तर घरोघरी ऐकू येते. काचेच्या पेल्यात ते पाणी दोन मिनिटे ठेवून पाहा. पांढरेपणा तळापासून वर निवळत गेला तर ते हवेचे बुडबुडे होते. क्लोरीनला त्या प्रमाणात रंगच नसतो. खाली गाळ बसला तर मात्र नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

मुतखडा, केस गळणे, नपुंसकत्व यांचा संबंध नळाच्या पाण्यातील क्लोरीनशी जोडण्यास आधार नाही. मुतखड्याच्या रुग्णाने 'पावडरचे पाणी' नको म्हणून कमी पाणी पिणे हे तर उलटेच औषध झाले. माशांच्या टाकीत नळाचे पाणी ओतल्यावर मासे मरतात, हे खरे आहे. पण माशाच्या कल्ल्यांतून क्लोरीनचा थेट मारा होतो. आपल्या तोंडात आणि पोटात तो लाळेशी व अन्नाशी संयोग पावून लगेच संपतो. डायलिसिससाठी मात्र क्लोरीन काढलेलेच पाणी लागते, कारण तेथे पाण्याचा रक्ताशी जवळचा संबंध येतो.

कॅन्सरची शंका यापेक्षा गंभीरपणे घ्यायला हवी. पाण्यात पाला, शेवाळ असे सेंद्रिय पदार्थ असतील तर क्लोरीनच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे बनतात. अशा पाण्याचा अनेक वर्षांचा वापर आणि मूत्राशयाचा कॅन्सर यांत काही अभ्यासांत संबंध दिसला आहे. तो पक्का सिद्ध नाही. यावर उपाय म्हणजे पाणी आधी नीट गाळणे, क्लोरीन बंद करणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे मतही असेच आहे की या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये.

क्लोरीन सर्वशक्तिमान नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी त्याला दाद देत नाही, आणि गढूळ पाण्यात त्याचा बराचसा भाग मातीवरच खर्च होतो. अशा वेळी पाणी निवळून, गाळून खळखळ उकळावे. तुरटी फक्त गाळ खाली बसवते. जंतू मारण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. उकळल्यावर किंवा घरगुती आरओ यंत्रातून गेल्यावर पाण्यातला क्लोरीन निघून जातो. मग त्यात हात बुडाला की संरक्षण काही उरत नाही. ते झाकून ठेवावे, ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. हा जंतू क्लोरीनला सहज बळी पडतो.

गावात शिल्लक क्लोरीन तपासण्याची सोय ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. ओटी चाचणीचे द्रावण पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर टीसीएल पावडर टाकलेली नसेल किंवा उघड्या पोत्यात राहून निकामी झाली असेल. ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो.