वाद, जल्प आणि ‘तेव्हा कुठे होतात?’

‘ट्रोल’ हा शब्द मराठीत आला आणि पाय रोवून बसला. ‘तिला फार ट्रोल केलं’, ‘तो उगाच ट्रोल झाला’ हे तर झालंच, पण ‘ट्रोलधाड’ असा ठसठशीत समासही आपण बनवला. धाड दरोडेखोरांची पडते, टोळांची पडते, तशी आता ट्रोलांचीही पडते. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्कँडिनेव्हियाच्या लोककथांतला तो ओबडधोबड राक्षस येतो. पण इंटरनेटवरच्या ‘ट्रोलिंग’चं गोत्र मासेमारीतलं आहे. नावेच्या मागे गळ सोडायचा आणि नाव संथपणे हाकत राहायचं, या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ‘युजनेट’च्या चर्चागटांतली जुनी खोडं मुद्दाम एखादा भाबडा, शंभरदा चघळून चोथा झालेला प्रश्न टाकायची. एखादा नवखा तावातावाने उत्तर द्यायला धावला की तो गळाला लागला. राक्षस या गोष्टीत मागाहून शिरला आणि मग त्याने गोष्टच बळकावली.

काही मराठी वृत्तपत्रांनी ट्रोलसाठी ‘जल्पक’ असा प्रतिशब्द वापरात आणला आहे. पहिल्यांदा वाचताना तो पंडिती वाटतो, पण ज्याने शोधला त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं. ‘जल्प्’ या संस्कृत धातूचा अर्थ बोलणं, बडबडणं. बंगालीत ‘जल्पना’ म्हणजे अटकळी, लोकांनी आपापसांत लढवलेले तर्क. पण न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, ‘जल्प’ ही पक्की पारिभाषिक संज्ञा आहे आणि ती एकटी नाही. वाद, जल्प आणि वितंडा अशी ती तीन भावंडं आहेत.

या शास्त्राचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांच्या आरंभीच सोळा पदार्थांची यादी येते. पदार्थ म्हणजे इथे जाणून घ्यायच्या गोष्टी. त्यांतले शेवटचे सात, म्हणजे जवळजवळ निम्मे, माणसं एकमेकांशी भांडतात कशी यासंबंधीचे आहेत: वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास (फसवं कारण), छल, जाति (वरवरच्या साम्यावर बेतलेला पोकळ आक्षेप) आणि निग्रहस्थान. पहिल्या तिघांतला फरक आवाजाच्या पट्टीत नाही, हेतूत आहे. खरं काय ते दोघांनाही शोधायचं आहे, तो वाद. काहीही करून जिंकायचंच आहे, त्यासाठी शब्दच्छल चालेल, आडवळणं चालतील, तो जल्प. आणि स्वतःची अशी बाजूच मांडायची नाही, समोरच्याची तेवढी पाडायची, ती वितंडा.

आता मराठीने या तिघांचं काय केलं पाहा. सत्यशोधनासाठी राखलेला ‘वाद’ हा शब्द आपण सरसकट भांडणाला देऊन टाकला. नट ‘वादाच्या भोवऱ्यात सापडतो’, नटी ‘वाद ओढवून घेते’, मग कोणीतरी ‘वादावर पडदा टाकतं’. घरात आई ‘माझ्याशी वाद घालू नकोस’ म्हणते तेव्हा तिला सत्यशोधन नको असतं असं नाही, पण शब्द तोच. शाळाकॉलेजांतल्या वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उचलून बाजू मिळते आणि जिंकण्यासाठी करंडक असतो. गौतमाच्या हिशेबाने तो शुद्ध जल्प. ‘वितंडा’ला तर आपण ‘वितंडवाद’ करून टाकलं, म्हणजे ज्या दोन टोकांना शास्त्राने लांब ठेवलं होतं त्यांचीच गाठ मारली. शब्दांनी अर्थ बदलू नयेत असं नाही, ते बदलतातच. पण इथे तीन खणांचा एकच खण झाला आणि त्याची किंमत आपण रोज मोबाइलच्या पडद्यावर मोजतो आहोत.

एक नमुना घेऊ. समजा, एखाद्या लोकप्रिय नटाने लिहिलं, ‘काल विसर्जनाला अख्खं पुणं रस्त्यावर होतं!’ खाली पहिली प्रतिक्रिया: ‘आम्ही घरीच होतो. आम्ही पुणेकर नाही का?’ दुसरी: ‘म्हणजे आजारी, म्हाताऱ्या माणसांना तुम्ही पुण्यात धरतच नाही, असंच ना?’ तिसरी: ‘आमच्याकडे चार दिवस पाणी नाही, त्यावर कधी लिहिणार?’ चौथी: ‘गर्दीत लोकांचे हाल होतात तेव्हा कुठे होतात?’

या चारही प्रतिक्रिया जुन्या पंडितांच्या ओळखीच्या आहेत. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांतून काढायचा आणि मग त्या अर्थाला झोडपायचं, याला ‘छल’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेली उदाहरणं आजही हसवतात. कोणी म्हणालं, हा बटू नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. छल करणारा विचारतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत? मला तर एकच दिसते. ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊही, म्हणून हा वाक्छल. दुसऱ्या उदाहरणात कोणी म्हणतं, मंच ओरडताहेत. म्हणजे अर्थात मंचांवर बसलेली माणसं. समोरचा म्हणतो, लाकूड कसं ओरडेल? हा उपचारछल, लाक्षणिक बोलणं मुद्दाम शब्दशः घेणं. ‘आम्ही घरीच होतो’ ही प्रतिक्रिया याच जातीची. दुसरी प्रतिक्रिया सामान्यछलाच्या शेजारची: ढोबळ विधान इतकं ताणायचं की ते हास्यास्पद व्हावं.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रतिक्रियेसाठी निग्रहस्थानांकडे जावं लागतं. निग्रहस्थान म्हणजे पराभवाची जागा. जिथे पाय पडला की मध्यस्थाने ‘हरलास’ म्हणावं, अशी बावीस स्थानं मोजलेली आहेत. विषय सोडून भलतंच बोलणं हे ‘अर्थांतर’, तर पाण्याचा प्रश्न कितीही खरा असला तरी इथे तो अर्थांतर. आपली प्रतिज्ञा गुपचूप बदलणं हे ‘प्रतिज्ञांतर’. स्वतःवरचा आरोप न खोडता ‘तुमच्यातही तोच दोष आहे’ म्हणणं ही ‘मतानुज्ञा’. हा शब्द मला फार आवडतो. अनुज्ञा म्हणजे संमती, मान्यता. ‘तेव्हा कुठे होतात?’ असं उलट विचारणाऱ्याला वाटतं की आपण पेच टाकला. शास्त्र म्हणतं, बाबा रे, तू आरोप न खोडता पुढे गेलास, म्हणजे तो मान्यच केलास. आपल्या नटाने मात्र कोणावर कसला आरोपच केलेला नव्हता, म्हणून इथे चौथी प्रतिक्रियाही अर्थांतरच. त्याने पुढे वैतागून ‘तुम्ही तरी कुठे होतात?’ असं उत्तर दिलं, तर मतानुज्ञेच्या खड्ड्यात पडेल तो तोच.

गौतम भाबडा नव्हता. जल्प आणि वितंडा त्याने निषिद्ध ठरवल्या नाहीत. रोपाला जनावरांनी तोंड लावू नये म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण करतात, तशी खऱ्या निर्णयाच्या रक्षणापुरती त्यांना त्याने मुभा दिली. आज अडचण अशी झाली आहे की कुंपणच शेत खातं आहे. ज्या व्यासपीठांवर आपण बोलतो त्यांचं गणित, किती जण थांबले, किती जणांनी उत्तर दिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, यावर चालतं. वादात माणूस थांबून विचार करतो. जल्पात तो लगेच टंकतो. यंत्राला विचार मोजता येत नाही, टंकलेलं मोजता येतं.

प्रसिद्धीचे शब्दही या मोजणीशी जोडलेले आहेत. ‘सेलिब्रिटी’च्या मुळाशी लॅटिन ‘सेलेबर’ आहे, त्याचा अर्थ गजबजलेला, वर्दळीचा. म्हणजे आधी रस्ते, बाजार, देवळं सेलिब्रिटी होती, मग माणसं झाली. आपल्या ‘ख्याती’त ‘ख्या’ हा धातू आहे, सांगणं, माहीत होणं या अर्थाचा. आख्यान आणि व्याख्या त्याचेच, आणि ‘संख्या’सुद्धा त्याचीच. ख्याती आणि संख्या सख्ख्या बहिणी आहेत हे समाजमाध्यमांनी धातुपाठ न उघडता ओळखलं. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ही अशीच एका घरातली. फरक एवढाच की कीर्तनात एक बुवा बोलतो आणि मंडळी ऐकतात, तर प्रतिक्रियांच्या जागी मंडळीच बुवा होतात.

माणूस ही वर्दळीची जागा असेल, तर तिथे जमलेल्या गर्दीचं काय करायचं? याचा विचार चरकसंहितेत आहे. तिच्या ‘विमानस्थान’ या विभागाच्या आठव्या अध्यायात वैद्यांनी चर्चा कशी करावी हे सांगताना तिचे दोन प्रकार केले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे स्नेहाने केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे हमरीतुमरीची. दुसऱ्या प्रकारात उतरण्याआधी प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ, बरोबरीचा की कमी, हे जोखायचं. त्याच्याइतकीच परिषदही जोखायची: जाणती की मूढ, अनुकूल, तटस्थ की आधीच वैर धरून बसलेली. आणि सल्ला रोखठोक आहे. परिषद वैर धरून बसली असेल, तर ती जाणती असो की मूढ, तिथे कोणाशीही जल्प करू नये.

हा सल्ला भित्रेपणाचा नाही, वाद कुठला आणि जल्प कुठला हा भेद करायचा आहे. तो केला नाही की काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते नुसतं ‘लाइक’ करणाऱ्या दुसरीला पालघरमध्ये अटक झाली. त्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ लावलं गेलं होतं. ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘आक्षेपार्ह’ असे सैल शब्द त्या कलमात गुन्ह्याच्या व्याख्येचं काम करत होते. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं आणि शब्दांची ही संदिग्धता हे त्याचं एक मुख्य कारण होतं. पोस्ट आवडली नाही म्हणून धावून जाणारा जमाव आणि सैल शब्दांचा कायदा या दोघांना वाद आणि जल्प यांतला भेद कळत नाही, कारण तो त्यांना करायचाच नसतो.

‘टीका’ या शब्दाची वाटचालही ‘वाद’सारखीच. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. मूळ ग्रंथ समोर ठेवून, ओवीमागून ओवी, तो ऐकणाऱ्याला उलगडून सांगणं म्हणजे टीका. आज कोणी ‘माझ्यावर टीका झाली’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मला झोडपलं’ असा असतो. ‘कमेंट’ला ‘टीका’ हा प्रतिशब्द खरं तर तंतोतंत बसला असता, पण तोवर तो शब्द दुसऱ्याच कामाला जुंपला गेला होता.

‘वाद’ पुन्हा जुन्या अर्थाने वापरा, असा माझा आग्रह नाही. भाषा कोणाच्या आग्रहाने मागे फिरत नाही. पण भेद पाळायला शब्दकोश बदलावा लागत नाही. उत्तर देण्याआधी समोरच्याला एकदाच विचारावं, ‘बरं, तुमचं स्वतःचं म्हणणं काय?’ वाद करणारा ते सांगतो. जल्प करणारा सांगतो आणि वर दोन टोमणे मारतो, तेही चालतं. वितंडा करणाऱ्याकडे सांगायला काहीच नसतं, तो नवा प्रश्न फेकतो. अशाला खुशाल ब्लॉक करावं. काम असल्याचं निमित्त करून चर्चा अर्धवट सोडणं याला शास्त्रात ‘विक्षेप’ म्हणतात आणि ते निग्रहस्थान आहे, म्हणजे हारच. पण सुरू झालेली चर्चा सोडली तर. जी कधी सुरूच झाली नव्हती, तिच्यातून उठून जाणाऱ्याला हरवणार कोण?